खुर्च्या सरकवणाऱ्या ताई

ताई कुठल्याही कचेरीत गेल्या की आधी खुर्च्या सरकवायच्या, नमस्कार नंतर. अत्याचार सोसलेल्या बायकांना घेऊन त्या फिरायच्या, बरोबर मी. बाईची पाठ दाराकडे नको, जायची वाट तिला दिसली पाहिजे, हा त्यांचा नियम. रावपुऱ्यातल्या कचेरीच्या एका गुजराती शिपायाला वाटलं, या वास्तुशास्त्र बघतात. "बेन, मारा घरनुं पण जोई आपो ने," म्हणून तो मागे लागला. ताई गेल्याही! त्याच्या घरचं कपाट हलवून आल्या. त्यानंतर आमच्या बायकांना त्यानं कधी बाहेर ताटकळत ठेवलं नाही.

बाईनं आपली कहाणी एकदाच सांगावी आणि तीच नोंद चौकीनं, दवाखान्यानं, कोर्टानं वापरावी, असा सरकारी नियम व्हावा म्हणून त्यांनी चपला झिजवल्या. "आपण दुखतंय म्हटलं की सरकार समिती नेमतं," त्या म्हणायच्या. "बाम स्वस्त पडतो."

समिती नेमली गेलीच. साहेब भला माणूस. आम्हाला चहा पाजून म्हणाले, "बेन, एकाद बाईने लई आवो ने. रूबरू सांभळीए तो असर पडे." म्हणजे एकदाच सांगण्याचा नियम व्हावा म्हणून एखाद्या बाईनं समितीपुढं येऊन पुन्हा सगळं सांगायचं! साहेबांना यात काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

तरसालीची एक बाई तयार होती. ताईंनी साफ नकार दिला. "ती मला 'नाही' म्हणू शकत नाही, म्हणून 'हो' म्हणतेय," त्या म्हणाल्या.

"ताई, शेवटचं एकदा. कितीजणींचं भलं होईल!"

"तिला प्रत्येक ठिकाणी असंच सांगितलंय. शेवटचं एकदा."

फाईल पडून राहिली. मी चार दिवस ताईंशी बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. नियम अजून झालेला नाही. शोकसभा हरणीला, त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होती. सूत्रसंचालन माझ्याकडे. तरसालीची बाई मागं बसलेली दिसली आणि मी उत्साहानं माईक तिच्यापुढं नेला. "ताईंनी तुम्हाला कशातून बाहेर काढलं, दोन शब्द सांगा ना."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. इतकी वर्षं ताईंजवळ राहून मी कोरडा पाषाणच!

ती उठली. पदर सारखा केला.

"काय झालं होतं, ते ताईंनी मला कधीच विचारलं नाही," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.