राजलक्ष्मीबाईंची हिरवी ज्योत

राजलक्ष्मी त्रिलोकेकर कधी आवाज चढवून बोलत नसे. गिरगावात जन्म काढून हे जमवणं म्हणजे कमालच. गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही तिचा सूर असा, की जणू त्याच्या घरी कोणी आजारी आहे.

फणसवाडीच्या तोंडाशी तिचं बिऱ्हाड. आजोबांच्या वेळची जमीन कधीच गेली होती, घराण्याची खाण्याची हौस तेवढी टिकून होती. वडील वारल्यापासून आई यशोदाबाई, धाकटा भाऊ बंडू आणि ती हौस, तिन्हींचा भार राजलक्ष्मीच्या पगारावर. जवळच्याच एका कॉलेजात ती रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती, तीही तात्पुरती. जूनमध्ये कायम व्हायची होती. शिफारस करायची विभागप्रमुख प्रा. श्यामकांत दिघे यांनी.

साल अठ्ठावन्न. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ ही घोषणा पोरं पाळण्यात शिकत होती आणि दिघे सर तर सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आलेले. ते बोलायला उभे राहिले की रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा उरत नसे. बंडू त्यांच्यासारखा भांग पाडी. राजलक्ष्मीनेही त्यांच्या सभेत टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले होते. सरांचा घरगुती क्लासही जोरात चाले. क्लासातली मुलं प्रॅक्टिकलला कधी चुकत नसत. लोक म्हणत, काय शिकवतो हा माणूस!

इंटर सायन्सच्या प्रॅक्टिकलची सकाळ उजाडली. प्रत्येक मुलाला एक अनोळखी क्षार द्यायचा आणि तो त्याने प्रयोग करून ओळखायचा, अशी रीत. कोणत्या टेबलावर कोणता क्षार द्यायचा ते दिघ्यांनी आधीच ठरवून दिलं होतं. त्यातली स्ट्रॉन्शियमची बाटली राजलक्ष्मीने उघडली, तर आत ओल लागून चिखल झालेला. सर वरळी कोळीवाड्यात सभेला गेलेले. विचारणार कोणाला? तिने त्याऐवजी बेरियमचा क्षार काढला. हमाल कोंडीरामने त्याच्या पुड्या टेबलांवर मांडल्या. सर आले की सांगू, असं तिने ठरवलं. सर आले ते गळ्यातल्या हाराच्या पाकळ्या झाडत, घंटा होता होता. उत्तरांचा कागद बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात देऊन ते थेट आपल्या खोलीत गेले. सांगायचं राहूनच गेलं.

स्ट्रॉन्शियमची ज्योत किरमिजी, बेरियमची हिरवी. टेबलांमधून फिरताना राजलक्ष्मीचे पाय एका मुलाजवळ अडले. समोर हिरवीगार ज्योत, आणि पठ्ठ्या वहीत लिहितोय, ‘ज्योत किरमिजी’. पुढच्या टेबलावर तेच. त्याच्या पुढेही तेच. सगळे सरांच्या क्लासातले.

क्लासबाहेरची नलू नावाची मुलगी मात्र शेजाऱ्याच्या वहीकडे आणि आपल्या ज्योतीकडे आळीपाळीने बघत होती. तिने ‘हिरवी’ लिहिलं, खोडलं, पुन्हा ‘हिरवी’ लिहिलं.

राजलक्ष्मीच्या ध्यानात आलं, सरांनी क्लासात उत्तरं आधीच फोडली होती. उत्तरांच्या कागदावर स्ट्रॉन्शियम होतं. गप्प बसलं तर चोर पास होणार आणि नलू नापास. बोललं तर न विचारता क्षार बदलल्याचा दोष आधी आपल्याच गळ्यात.

ती परीक्षक शामराव लिमयांकडे गेली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. लिमयांनी चष्मा पुसून एक फेरी मारली.

“एकाच क्लासातले सगळे रंगांधळे कसे हो, बाई?” ते पुटपुटले. “उद्या मी प्रिन्सिपॉलांपुढे हे काढणार. तुमचं नाव घेणार नाही. नोकरी सांभाळा.”

घरी तिने सांगितल्यावर बंडूचा घास हातातच राहिला.

“ताई, अगं मुंबई हातची जायची वेळ आलीय आणि तू आपल्याच माणसाला खाली खेचतेस?”

“बंडू, खेचलं मी नाही. ते आपणच घसरले.”

“आणि तुझं कायम होणं?”

यशोदाबाईंनी तिच्या पानात कोबी-कोलंबीच्या खरपूस भानोल्याचा आणखी एक तुकडा वाढला. “आधी जेवू दे तिला. उपाशी पोटी भांडू नये माणसाने.”

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. लिमयांनी दिलेला शब्द पाळला. क्षार बदलला होता एवढंच ते म्हणाले, कोणी ते नाही. पण दिघे मुरलेले वक्ते.

“बदलला कोणी, ते मी सांगतो,” ते म्हणाले. “हा कोंडीराम! पुड्या यानेच मांडल्या. याच्या गोंधळापायी माझ्या मुलांवर बालंट. आजच्या आज काढा याला.”

लालबागच्या खोलीत सहा तोंडं पोसणारा कोंडीराम नुसता टोपी चुरगाळत उभा. बाईंकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

लिमये खाकरले. ते काही बोलायच्या आत राजलक्ष्मी उठली.

“क्षार मी बदलला, सर. न विचारता बदलला, ही माझी चूक. लिमये सरांना सांगितलं तेही मीच.”

दिघे वळले. “बाई, तुम्ही आहात तरी कोणाच्या? मुंबई-गुजरात एकत्र ठेवणाऱ्या त्या द्विभाषिकवाल्यांच्या?”

“मी संयुक्त महाराष्ट्राचीच आहे, सर,” ती भाजीवाल्याशी बोलायच्या सुरात म्हणाली. “पण ज्योत हिरवी होती.”

प्रिन्सिपॉलांनी मुलांच्या वह्या मागवून घेतल्या.

प्रॅक्टिकल पुन्हा झालं. नलू पास झाली. पुष्कळ किरमिजी मंडळी आपटली. दिघ्यांना परीक्षेच्या कामातून काढलं. भाषणं त्यांनी सोडली नाहीत, आणि ती करतही ते झकास. कोंडीराम राहिला. राजलक्ष्मीला मात्र ‘विभागाची शोभा केली’ म्हणून कायम केलं नाही, आणखी एक वर्ष तात्पुरतं. पुढल्या जूनमध्ये पुन्हा तेच. गंमत अशी, की ज्या प्रिन्सिपॉलांना तिला कायम करवत नव्हतं, त्यांनीच क्षारांच्या कपाटाची किल्ली तिच्या हवाली केली. दुसऱ्या कोणावर विश्वास टाकायची त्यांची छाती नव्हती. दर परीक्षेच्या सकाळी ती परीक्षकांसमोर कपाट उघडी, क्षार त्यांच्याकडूनच निवडून घेई आणि मगच पुड्या बांधल्या जात.

साठ साली मे महिन्यात महाराष्ट्र झाला. जूनमध्ये प्रिन्सिपॉलांनी स्वतःच शिफारस केली आणि राजलक्ष्मी कायम झाली. बंडू पेढ्यांचा पुडा घेऊन जिन्यावरूनच ओरडत आला. एव्हाना त्याने भांग बदलला होता.

“ताई, राज्य तुझ्याआधी मिळालं की गं!”

“त्यांची चळवळ मोठी होती,” राजलक्ष्मी म्हणाली. “एक पेढा कोंडीरामसाठी बाजूला ठेव.”