धनाजीभाऊंचा परीक्षेचा फॉर्म

कुणी विद्यापीठाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, अन्वरी, झालं गेलं, सोड आता. कसं सोडू? माझ्या नेट कॅफेत, माझ्या हातानं झालंय ते.

धनाजीभाऊ मूळचे वेल्ह्याकडच्या पासलीचे. घरची भातशेती. चौथ्या वर्षी गोवर आला आणि डोळे गेले. वडील गेनबा मोठे हट्टी. पोरगं घरात बसून राहणार नाही म्हणाले आणि पुण्याच्या अंधशाळेत नेऊन घातलं. शाळा संपवून शहाण्णव साली भाऊ भोरला आले. स्टँडजवळ त्यांना अपंगांच्या कोट्यातला पिवळा एसटीडी बूथ मिळाला. अर्ध्या तालुक्याचे नंबर तोंडपाठ. "धनाजी, सारोळ्याला पाव्हण्यांकडं लाव रं," एवढं म्हटलं की बोटं चालायला लागायची. कुणाचे पाव्हणे, हे विचारायची गरजच नाही, आवाजावरून ओळखायचे. त्या बूथमध्ये सोयरिकी जुळल्या, भांडणं झाली, पण ऐकलेलं एक अक्षर या माणसानं कधी बाहेर काढलं नाही.

मग मोबाईल आले. शेरडं राखणाऱ्याच्या खिशात मोबाईल, तिथं बूथवर कोण येतंय! माझा कॅफे शेजारीच. एक दिवस येऊन म्हणाले, "भाभी, म्या बीए करतो." मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाही. माझी पुतणी गुलफशा पुस्तकं वाचून कॅसेटवर भरून द्यायची, हे रात्रंदिवस ऐकायचे. पेपरला लेखनिक मिळायचा. हे सांगणार, तो लिहिणार. दोन वर्षं एका झटक्यात पास. फॉर्म तेव्हा कागदावर असायचा. त्यात अपंगाचा रकाना होता, कॉलेजातला क्लार्क तो भरून शिक्का मारायचा आणि लेखनिक मंजूर व्हायचा.

दोन हजार आठ साली विद्यापीठाला ऑनलाईनचा साक्षात्कार झाला. शेवटच्या वर्षाचा फॉर्म फक्त वेबसाईटवर. आणि त्याच वर्षी एका सरकारी कार्यालयात अंधांसाठी राखीव जागा निघाली होती, बीए पाहिजे. वयाच्या अटीत धनाजीभाऊंचं ते शेवटचं वर्ष. यंदा पास झाले तर नोकरी, नाहीतर उरलेला जन्म बूथच्या स्टुलावर. एवढं साधं होतं ते.

माझ्या तीन नंबरच्या मशीनवर त्यांनी अंधशाळेतून आणलेलं बोलणारं सॉफ्टवेअर टाकलं होतं. पडद्यावर काय आहे ते कानात सांगायचं. त्यावर ते इंग्रजी बातम्या ऐकायचे, ईमेल स्वतः लिहायचे. फॉर्मही स्वतःच भरणार म्हणाले. हेडफोन लावून बसले, आणि वेबसाईट त्यांच्याशी काय बोलली असेल? "चित्र. चित्र. लिंक. चित्र." बस! सूचना म्हणे मराठीत, पण त्या असल्या कसल्या फॉन्टात की सॉफ्टवेअर नुसती इंग्रजी अक्षरं ओकायचं. बटणांना नावं नाहीत. आणि शेवटी, पुढं जायचं असेल तर चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाईप करा. अहो, आंधळ्या माणसाला! मलाच ती दोनदा कळली नाहीत, माझे डोळे शाबूत असून.

दोन दिवस ते झटले. शेवटची तारीख आली तेव्हा मी म्हटलं, "सरा बाजूला भाऊ, मी भरते."

"भरा. पर काय भरताय ते सांगत जावा," ते म्हणाले.

सांगितलं. नाव सांगितलं, विषय सांगितले. मग आला प्रश्न, आपण अपंग आहात काय? "होय" दाबलं की दुसरी खिडकी उघडायची, सर्टिफिकेटचा फोटो मागायची. फोटो दिला की गोल चक्र फिरत बसायचं. फिरतंय, फिरतंय, आणि दहा मिनिटांनी "वेळ संपली", की पुन्हा नावापासून सुरुवात. एकदा झालं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा वीज गेली. बाहेर गिऱ्हाईकं खोळंबलेली, इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजतोय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! चौथ्या वेळी मी "नाही" दाबलं. सरळ पुढचं पान उघडलं, फॉर्म गेला.

मनात म्हटलं, कॉलेजात सगळे यांना ओळखतात, आंधळा माणूस काय कुणाला दिसत नाही? ते वेगळं सांगायला कशाला लागतंय?

"लेखनिकाचं आलं का त्यात?" त्यांनी विचारलं.

"आलं सगळं," मी म्हणाले.

प्रिंट कॉलेजात दिली, क्लार्कनं न बघता शिक्का हाणला. झालं.

पेपरच्या दिवशी गुलफशा लेखनिक म्हणून त्यांचा हात धरून गेली आणि अर्ध्या तासात एकटीच रडत माझ्याकडं आली. यादीत धनाजीभाऊंच्या नावापुढं अपंग नाही, म्हणून लेखनिक नाही. तिला फाटकावरूनच परत पाठवलं. मी धावत गेले, वाद घातला, हातापाया पडले. केंद्रावरच्या बाईंनी विद्यापीठाला फोन लावून दिला. पलीकडचा म्हणतो, "ऑनलाईन जे भरलंय ते ग्राह्य. दुरुस्तीला दहा दिवस लागतात." पेपर चार दिवसांत संपणार होते. मी ओरडले, "अहो, माणसाला दिसत नाही! बघायला या हवं तर!" तर म्हणतो, "तक्रार वेबसाईटवर नोंदवा." नोंदवायला गेले, तर तिथं पुन्हा तीच वाकडी अक्षरं. आता बोला!

धनाजीभाऊ आत बसून राहिले. गैरहजर लागायला नको म्हणून तीन तास, कोऱ्या पेपरासमोर. सगळी उत्तरं डोक्यात, आणि लिहायला कुणी नाही. घंटा झाली तेव्हा बाहेर आले. मी फाटकातच उभी होते. त्यांनी विचारलं, "भाभी, फॉर्मात काय भरलं होतं?"

खोटं बोलायला तोंडच उघडेना. सगळं सांगितलं. चक्र, वीज, गिऱ्हाईकं, चौथी वेळ. ऐकून घेतलं आणि ते काठी टेकत बूथकडं निघाले. मी मागं मागं. म्हटलं, "भाऊ, शिव्या घाला, काहीतरी बोला." त्यांनी बूथचं कुलूप काढलं आणि आत जाऊन बसले. त्या दिवशी मला माझीच इतकी चीड आली की हात तोडून टाकावा वाटलं. आणि विद्यापीठाची त्याहून जास्त. असला फॉर्म बनवणाऱ्याला डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्यासमोर बसवायला पाहिजे!

वर्ष वाया गेलं. नोकरीची जागाही गेली.

पेपर संपल्यावर आठवड्यानं ते कॅफेत आले. म्हणाले, "कुलगुरूंना पत्र लिहायचंय, मराठीत. मराठी काही ते सॉफ्टवेअर मला वाचून दावत न्हाई. म्या सांगतो, तुमी टाईप करा."

मी म्हटलं, चला, निदान एवढं तरी माझ्या हातून होऊ दे. त्यांनी वाक्य वाक्य करून सांगितलं. चित्रांना नावं द्या. अक्षरं ओळखायला लावू नका. अपंगांना जास्त वेळ द्या. भरलेला फॉर्म ज्याचा त्याला ऐकता येऊ द्या. मग म्हणाले, "आता तुमचं लिहा. कॅफे चालवणाऱ्या बाईंनी 'नाही' दाबलं, आन मला सांगितलं न्हाई. मला ते सोताला तपासता आलं न्हाई, म्हणून माझं वर्ष गेलं."

टाईप केलं. वाचून दाखवायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "तुमी नगं." आणि मान वळवून मोठ्यानं विचारलं, "कुणी हाय का हितं वाचणारं?"

मार्गासनी गावचे एक गुरुजी ईमेल बघायला आले होते, ते उठून आले. मी खुर्ची सोडली. गुरुजींनी पत्र सावकाश वाचलं आणि त्या ओळीशी आले, "कॅफे चालवणाऱ्या बाईंनी चुकून 'नाही' दाबले."

"थांबा," धनाजीभाऊ म्हणाले. "चुकून?"

"हो, असंच लिहिलंय."

"म्या चुकून म्हणालो न्हवतो." त्यांनी माझ्या दिशेनं नाही, मशीनच्या दिशेनं तोंड केलं. "गुरुजी, तेवढा शब्द खोडता का?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं आणि तो शब्द खोडला.