शेजारच्या गच्चीवरची टाकी

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत शेजाऱ्यांच्या गच्चीवर नवी टाकी चढली, तेव्हा सगळ्यात आधी खूश झाल्या त्या बायका. त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असायची आणि एरवी येणारी धारही करंगळीएवढी. त्यामुळे कोणाकडे किती लिटरची टाकी आहे हे कॉलनीत सगळ्यांना पाठ. ही टाकी काळी, उंच, आमच्या टाकीच्या चौपट. समोरच्या काकू दोन कळश्या घेऊन थेट त्यांच्या फाटकात गेल्या.

"वहिनी, एवढी मोठी बसवलीत, आता आमचीही सोय झाली म्हणायची!"

शेजारीणबाई म्हणाल्या, "अजून भरली नाही ती."

उन्हाळा सरत आला तरी ती भरली नव्हती.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. वस्तू मापात आहे की नाही, एवढंच बघण्यात माझी हयात गेली. आमच्या गच्चीवरून नीट पाहिलं, तर त्या टाकीत जाणारा पाइप नव्हता आणि निघणाराही नव्हता. जाड काळ्या वायरी मात्र खाली उतरत होत्या. शेजार जुना, म्हणून सरळ फाटकावर जाऊन विचारलं.

"भाऊ, टाकीत पाणी नाही, मग आहे काय?"

ते हसले. "तुमच्या नजरेतून काय सुटणार म्हणा! टॉवर आहे, मोबाइलचा. कंपनीवाले म्हणाले, टाकीसारखा बसवू, म्हणजे कोणी बोंब मारणार नाही."

"आणि आम्हाला विचारायचं नाही?"

"गच्ची माझी आहे ना, भाऊ." मग आवाज उतरवून म्हणाले, "पोराची नोकरी गेलीय. टॉवरचं भाडं नाही घेतलं तर घर कसं चालवू, तुम्हीच सांगा."

माझी अडचण मी त्यांना सांगितली नाही. पुण्याला दिलेली आमची मुलगी गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिची खोली आम्ही रंगवून ठेवली होती, आणि तिच्या खिडकीसमोरच ती टाकी होती. घरी येऊन टेप काढली. आमच्या भिंतीपासून त्यांच्या भिंतीपर्यंत साडेबावीस फूट.

तो टॉवर घातक आहे, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण कारखान्यात माहीत नसलेला भाग मी 'ठीक' म्हणून पुढे पाठवत नाही, मग घरात कसा पाठवू?

टाकीत टॉवर आहे हे मी सगळ्यांना सांगितलं, तेव्हा कॉलनीची बैठक गणपती मंदिराच्या सभामंडपात झाली. सगळे तावातावाने बोलत होते. मला वाटलं, काम झालं. हळूहळू लक्षात आलं की राग टॉवरचा नव्हता, पाण्याचा होता.

"कळश्या घेऊन गेले मी, कळश्या! आणि ह्या बाई म्हणतात, अजून भरली नाही!" समोरच्या काकू ओरडत होत्या.

शेजारी उठले. हात जोडून म्हणाले, "चुकलं. माझ्या बोअरचं पाणी रोज संध्याकाळी सोडतो. ज्याला पाहिजे त्याने नळी लावून घ्यावी."

बैठक तिथेच संपली. नळी कोणाच्या दारावरून न्यायची, यावर चर्चा सुरू झाली. मी लिहून आणलेला तक्रारअर्ज हातात धरून उभा होतो. एक निवृत्त शिक्षक खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, रेंजपण सुधारलीय की. आता बोलायला अंगणात जावं लागत नाही." अर्जावर एकच सही झाली, माझी.

तो घेऊन मी टॉवरच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने बसायला खुर्ची दिली, हे कबूल केलं पाहिजे.

"काका, रेडिएशन सगळं मर्यादेत आहे."

"मर्यादा किती? आणि आमच्या इथे मोजलं तेव्हा भरलं किती?"

"मर्यादेत म्हणजे मर्यादेत. रिपोर्ट असतो कंपनीकडे."

"मला बघायला मिळेल?"

"तुम्ही कंपनीचे आहात का?"

सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून विहीणबाई आणि व्याही मुलीला पोहोचवायला आले. ते येण्याआधी बायकोने मला बजावलं होतं, "टाकी आहे म्हणून सांगा. सगळ्या जगाला तशीच दिसते."

विहीणबाईंनी मुलीच्या खोलीची खिडकी उघडली. "केवढी मोठी टाकी! पाण्याची चंगळ दिसते तुमच्याकडे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ती टाकी नाही. मोबाइलचा टॉवर आहे."

"त्याने काही होतं का?"

"माहीत नाही. नाही होत म्हणतात. मोजलेलं मला कोणी दाखवलेलं नाही."

विहीणबाईंनी खिडकी लावून घेतली. मुलगी म्हणाली, "आई, माझे डॉक्टर म्हणालेत, काही होत नाही." पण ती कोणत्या आईला म्हणाली ते कळलं नाही, कारण उत्तर दोघींनीही दिलं नाही. सकाळी चहा झाल्यावर व्याही अगदी गोड शब्दांत म्हणाले, "आपण कशाला शंका ठेवायची?" मुलीच्या बॅगा उघडल्याच नव्हत्या. त्या तशाच परत गाडीत गेल्या, आणि मुलगीही.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तुमचं खरं बोलणं माझ्या लेकीला महागात पडलं." नंतर ती लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. विहिणीच्या स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू करायलाही तिला आधी विचारावं लागायचं. हे तिने मला फोनवर सांगितलं, आणि ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.

नात झाली. मी कॉलनीत बर्फी वाटली. शेजाऱ्यांचं घर गाळावं असं वाटलं होतं, पण गाळलं नाही.

"आजोबा झालात, भाऊ!" ते म्हणाले. "नातीला कधी आणताय?"

"इथे नाही आणणार."

त्यांनी एकदा वर, गच्चीकडे पाहिलं. मग बर्फी तोंडात टाकली.

"आणाल हो," ते म्हणाले. "थोड्या दिवसांनी कोणाच्या लक्षातही राहत नाही."