कौसल्याच्या सासूची टेस्ट

"बारा चित्रांपैकी फक्त चार? मग रिपोर्ट आजच टाइप करा," मोठे डॉक्टरसाहेब म्हणाले आणि राउंडला निघाले.

पेशंट होती भिवापूरकडची कौसल्या. बैलबंडीवरून पडून डोक्याला मार लागला होता, दोन दिवस शुद्ध नव्हती. मी नागपूरच्या एका हॉस्पिटलात सायकॉलॉजिस्ट होते. मेंदूला इजा किती झाली, हे टेस्ट घेऊन सांगणं माझं काम. रेषांनी काढलेली चित्रं ओळखायची आणि अर्थ नसलेले शब्द ऐकून तसेच्या तसे म्हणायचे. कौसल्याला कात्रीचं चित्र ओळखता आलं नाही. 'टापुक' म्हण म्हटलं, तर 'टोपलं' म्हणाली. किती उत्तरं बरोबर आली तर मेंदू ठीक मानायचा, याचा माझ्याकडे छापील तक्ता होता. त्याप्रमाणे हा मेंदूचा बिघाड होता.

सासू दारातच उभी होती. "डोस्कं गेलं असन तं तसं लिहून द्या, बाई. हिले माहेरी धाडतो. हिची पोरगी आमच्यापाशी राहीन."

"मले सारं समजून राहिलं," कौसल्या एवढंच बोलली.

मला सासूचा भयंकर राग आला. खरं सांगते, तिची जिरवावी म्हणूनच मी तिला खुर्चीत बसवलं आणि तीच चित्रं दाखवली.

"हे काय होय वो? काड्याच काड्या दिसून राहिल्या."

बारापैकी तीन. 'टापुक'चं तिनं 'टोपी' केलं.

"सुनेला चार, तुम्हाला तीन," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्यंबी डोस्कं गेलं का?"

तेव्हा कुठे मी विचारलं, "शाळेत किती शिकलात?"

"कायची शाळा वो! आमी दोघीबी अंगठेवाल्या."

मी शिपायाला पिटाळून खरी कात्री, कुलूप, कंगवा अशा चित्रांतल्या बाराही वस्तू गोळा केल्या. कौसल्यानं सगळ्या धडाधड ओळखल्या. अक्षरं शिकताना मेंदूला नव्या सवयी लागतात. कागदावरच्या रेषांतून वस्तू ओळखणं आणि निरर्थक आवाज नेमका धरून ठेवणं त्याला सोपं जातं. हे सगळं मला पुढे वाचून कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की मी इजा मोजत नव्हते, शाळा मोजत होते.

"तक्ता चुकीचा म्हणता?" साहेबांनी चष्मा काढून विचारलं.

"तक्ता शिकलेल्यांवरून बनवलेला आहे, सर."

कुरकुरत का होईना, त्यांनी नव्या रिपोर्टवर सही केली. कौसल्या आपल्या पोरीकडे, आपल्या घरी गेली.

तेव्हापासून पेशंटला वाचता येतं का, हे मी सगळ्यात आधी विचारत आले. पण त्याआधी सहा वर्षं मी नुसता तक्ता बघून रिपोर्ट लिहिले होते. त्यांत अंगठेवाल्या किती होत्या, हे जुन्या फायली काढून बघायची हिंमत मला कधी झाली नाही.