सहीवरचं कुंकू

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. निफाडकडच्या द्राक्षबागांत तेव्हा ऐन छाटणीचे दिवस, त्यामुळे कात्र्या घासूनपुसून पाटावर मांडायच्या, शेजारी कोयता, अंगणात ट्रॅक्टर. त्या वर्षी आईने या मांडणीत माझ्या धाकट्या बहिणीचं राष्ट्रीय खो-खो स्पर्धेचं प्रमाणपत्र ठेवलं आणि सगळ्यांच्या आधी त्याला हळदकुंकू लावलं. बोट पाण्यात बुडवून, चांगलं ठसठशीत. तेही कुठे, तर खाली जिथे खो-खो संघटनेच्या साहेबांची सही होती तिथे.

आम्हाला हे कळलं पोलीस भरतीची जाहिरात निघाल्यावर. खेळाडूंच्या राखीव जागेसाठी अर्ज करायचा तर आधी क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. पाकिटातून कागद काढला तर सहीच्या जागी नुसता लाल-पिवळा ओघळ! मी डोक्याला हात लावला आणि आईवर ओरडून घर डोक्यावर घेतलं. बहीण कागद उजेडाला धरून सही कुठे दिसते का बघत राहिली. वडिलांनी तिला आधीच बजावलं होतं, "ही शेवटची भरती. झालं तर झालं, नाय तर मैदान बंद. मग लग्नाचं बघू." आणि वडील एकदा बोलले की बोलले.

खरं सांगतो, सरकारी योजना म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी अंबडच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत रोज कुणाला तरी ऐकवायचो. पण या पोरीचं बोट सरकारने कधी सोडलं नव्हतं, हे मला मान्यच करावं लागतं. सरावापायी अभ्यास बुडाला तेव्हा दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले. पुढे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत राहणं, जेवण, मैदान, शिकवायला चांगले प्रशिक्षक. आम्हाला यातलं काही झेपलं नसतं. पळणाऱ्या पोरीचं पळणं संपल्यावर काय होतं, याचा कुणीतरी कुठल्याशा कचेरीत बसून आधीच विचार करून ठेवला होता. मला त्याचं अजून नवल वाटतं.

नाशिकच्या कार्यालयात आईही आली. "कुंकू मी लावलंय, मीच सांगीन," म्हणाली. तिथल्या अधिकारी बाई चष्मा वर करून कागद न्याहाळत राहिल्या. खोट्या प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटणारे कमी नसतात, त्यामुळे पुसलेली सही म्हणजे संशयाला आमंत्रणच.

"हे काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"पूजा केली म्याडम," आई म्हणाली. "आमची कात्री तशी हिचा हा कागद. ज्याच्यावर पोरीचं पोट चालायचं, त्याला कुंकू नको?"

"पण नेमकं सहीवर?"

"मग! सहीलाच तर मान हाय ना."

बाई खळखळून हसल्या. मग बहिणीकडे वळून म्हणाल्या, "खांबावर सूर मारतेस का?" बहिणीने मान हलवली आणि ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत वर केली. दोन्ही गुडघ्यांवर जुने-नवे व्रण, कातडी पार राठ झालेली. बाईंनी ते गुडघे जाणत्या नजरेने पाहिले. त्याही कधीकाळी खेळलेल्या असाव्यात.

"मला पटलं," त्या म्हणाल्या, "पण मावशी, शासनाला गुडघे दाखवून चालत नाही. संघटनेकडे स्पर्धेची नोंद असते. आम्ही तिथून खातरजमा करून घेऊ."

आणि त्यांनी ती करून घेतली, मुदतीच्या आत. मी दर दोन दिवसांनी फोन करून त्यांचं डोकं खात होतो, तरी त्या एकदाही वैतागल्या नाहीत. कामाची माणसं अशी असतात.

बहीण भरती झाली. तिचं मैदान बंद झालं नाही. आता ती पोलीस संघाकडून खेळते, सरावाला आणि स्पर्धेला रीतसर सवड मिळते. वडील गावात सांगत फिरतात की पोरीला खेळू दिलं म्हणून हे झालं. कुणी दिलं, ते मी विचारत नाही.

पुढच्या खंडेनवमीला ती रजा काढून घरी आली. मी प्रमाणपत्र आधीच कपाटात घालून किल्ली खिशात ठेवली होती. आईने कात्र्यांना, कोयत्याला कुंकू लावलं, मग ताट घेऊन बहिणीसमोर बसली.

"गुडघे काढ," म्हणाली.

"आई, काय हे!"

"काढ म्हणते ना."

आईने दोन्ही राठ गुडघ्यांना हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या.

"हे पुसलं तरी चालंल," आई म्हणाली.

खांबावर आदळून रक्त निघालं तरी हूं की चूं न करणारी माझी बहीण तिथेच ढसाढसा रडली.