शिव्यांची कॅसेट

माजिवड्याला आमच्या दारावर एक कोळीण यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. घरात सगळे तिला मावशीच म्हणायचो. पाटी उतरवली की ती आधी केसांतलं फूल चाचपायची आणि मगच खाली बसायची.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी कॉलेजात होतो आणि परदेशातल्या एका छोट्या, कुणाला फारशा ठाऊक नसलेल्या रॉक बँडच्या कॅसेटने झपाटलेलो. एकदा ती मोठ्याने लावलेली असताना मावशीने विचारलं, "यो कनाला बोंबलतंय रं?"

"सरकारला शिव्या देतोय. कारखाने बंद पाडले म्हणून."

"मंग आवाज वाढव की!"

बोंबील तसेच ठेवून तिने अख्खी बाजू ऐकली. शब्द एक कळत नव्हता, तरी मधूनच मान हलवून "बरोबर बोलला" म्हणायची.

बाबा सरकारी नोकरीत. ते घाबरून बाहेर आले. "बंद कर ते! शेजारी ऐकतील."

"ऐकू दे, भाऊ," मावशी म्हणाली. "इंग्रजी शिव्या हायेत. कोनाला लागनार?"

मी कॅसेट उलटी केली. दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं संथ, हळुवार होतं. मावशीचा चेहरा पडला.

"यो गप कनाला झाला? मंत्री केला क त्याला?"

बाबा हसून हसून भिंतीला टेकले. मग डोळे पुसत म्हणाले, "दार लोटून घे, आणि पहिली बाजू पुन्हा लाव."

ते संथ गाणं माझं सगळ्यात आवडतं होतं. आजही ते ऐकलं की मला लाल दिव्याच्या गाडीत बसलेला गायक दिसतो.