घर दाखवायचा हंगाम

आमच्या सोसायटीत घर दाखवायचा एक हंगाम असतो. घटस्थापनेला सुरू होतो, तुळशीच्या लग्नाला संपतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण नदीकाठी राहायला आलेल्या प्रत्येकाला एका वर्षात कळतं. कारण आमची नदी वर्षातून जेमतेम दीड महिना सभ्य असते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की ती न बोलावता पार्किंगमध्ये येते. तुळशीच्या लग्नानंतर ती आटत जाते, आणि होळीनंतर तिच्यात नदी म्हणावं असं काही उरत नाही. सगळ्या शहराने टाकलेलं पोटात घेऊन बाल्कनीखाली पडून राहते, वर जलपर्णी, जलपर्णीत डास. मधल्या दीड महिन्यात मात्र पाणी वाहतं असतं, काठ हिरवा असतो, आणि सकाळी सात ते नऊ या वेळात समोरच्या वाळक्या फांदीवर एक खंड्या येऊन बसतो. गिऱ्हाईक आणायचं ते तेव्हाच.

मीही असाच एका नवरात्रात इथं आलो. हडपसरच्या कारखान्यात तीस वर्षं मी माल तपासायचं काम केलं. सुताएवढा फरक दिसला तरी अख्खी खेप परत पाठवायचो, आणि त्याचा मला गर्वही होता. निवृत्तीनंतर शांत जागी घर घ्यायचं ठरवलं. आधीच्या मालकांनी मला बाल्कनीत बसवलं, उत्तम कॉफी दिली आणि म्हणाले, "तो बघा खंड्या. रोज येतो. पुण्यात राहतोय असं वाटतच नाही." मी खंड्या नीट तपासला. पार्किंगच्या भिंतीला नव्या रंगाचा वास येत होता, तो मात्र मी सोसायटीच्या टापटिपीच्या खात्यावर जमा केला.

त्या भिंतीचं रहस्य पुढच्या ऑगस्टमध्ये कळलं. पुराचं पाणी उतरलं की तिच्यावर एक तपकिरी रेघ राहते. गणपती गेले की सोसायटी रंगारी बोलावते आणि फक्त तेवढी एकच भिंत रंगवून घेते. बाकीच्या भिंतींचे पोपडे पडतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. शिवाय सेक्रेटरींची सक्त ताकीद असते की पुराचे फोटो काढायचे नाहीत, नातेवाइकांना तर मुळीच पाठवायचे नाहीत. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं ते सर्वसाधारण सभेत म्हणतात आणि सगळे माना डोलावतात. मीही डोलवायचो. फसलेल्या माणसाला दुसरा फसेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि तो धीर आमच्या सोसायटीत सगळ्यांकडे मुबलक आहे.

माझा धीर गेल्या वर्षी संपला. जूनमध्ये बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जुलैअखेर पूर आला. वीज गेली, लिफ्ट बंद, आम्ही चौथ्या मजल्यावर. तीन दिवस ती खाली उतरू शकली नाही. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, आणि डॉक्टरांकडे न्यायचं तरी कसं, ते मला कळेना. मी फार घाबरलो होतो. पाणी उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुढच्या पावसाळ्याआधी मला इथून हलवा." घरात मी सगळ्याची टिंगल करतो, या वाक्याची केली नाही.

म्हणून घटस्थापना झाल्याबरोबर मी घर विकायला काढलं. एजंट पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांना घेऊन आला. बुधवार पेठेत त्यांचं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान, आजोबांपासूनचं. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. पेठेतलं घर अंधारं आहे, म्हाताऱ्या आईला उजेड आणि मोकळी हवा हवी, म्हणून घर शोधत होते. बायको त्या दिवशी लेकीकडे होती. मी त्यांना बाल्कनीत बसवलं, कॉफी दिली, आणि माझ्या तोंडून ऐकू आलं, "तो बघा खंड्या. रोज येतो. पुण्यात राहतोय असं वाटतच नाही."

त्यांनी खंड्याकडे बघितलं. मग विचारलं, "लिफ्ट बंद पडते का हो? आईला जिना चढवत नाही."

"जनरेटर आहे," मी म्हणालो.

जनरेटर आहे हे शंभर टक्के खरं होतं. तो पार्किंगमध्ये आहे आणि पाणी आलं की सगळ्यांत आधी तोच बुडतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घर त्यांना आवडलं. रविवारी इसार घेऊन येतो म्हणाले. एजंटने जाता जाता त्यांचं नाव सेक्रेटरींच्या कानावर घातलं आणि संध्याकाळी चेअरमन आणि सेक्रेटरी दोघंही माझ्या दारात.

"मुसलमान आहेत म्हणे?" चेअरमननी सुरुवात केली. "आमचा विरोध नाही हं. अजिबात नाही. पण उद्या मांसमच्छीचे वास..."

"सेक्रेटरींकडे दर रविवारी मटण असतं. चौथ्या मजल्यापर्यंत येतो वास. चांगला येतो."

"तो वास वेगळा," सेक्रेटरी म्हणाले.

कसा वेगळा, ते त्यांनी सांगितलं नाही. मी म्हणालो, मला घर विकायचंय, तुम्हाला अडवायचं असेल तर लेखी द्या. लेखी द्यायची हिंमत दोघांतही नव्हती. ते गेले, आणि मला वाटलं मी मोठाच बाणेदार माणूस आहे. खरं म्हणजे मला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

रविवारी सकाळी आठला त्यांना घ्यायला मी खाली आलो. लिफ्टचं दार उघडलं तर चेअरमन आणि सेक्रेटरींनी त्यांना पार्किंगमध्येच गाठलेलं. माझ्या डोळ्यांदेखत आमच्या सोसायटीला खरं बोलण्याची उबळ आली होती. पाणी कधी येतं, किती येतं, जनरेटर कसा बुडतो, वीज किती दिवस जाते, मार्चपासून वास कसा मारतो, डेंग्यू कुणाकुणाला झाला, साप कुठल्या पायरीवर निघाला, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. आणि ज्या सेक्रेटरींनी आम्हाला फोटो काढायला बंदी केली होती, त्यांच्या मोबाइलमध्ये सगळ्या पुरांचे व्हिडिओ वर्षवार लावून ठेवलेले निघाले. ते एकेक काढून दाखवत होते.

"आईंना घेऊन येताय म्हणून सांगितलं," चेअरमन म्हणाले. "माणुसकी म्हणून."

त्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकलं, व्हिडिओ शेवटपर्यंत बघितले. मग माझ्याकडे वळले.

"आपण हे काही बोलला नाहीत."

"विकायचं होतं," मी म्हणालो.

"आणि घर मला विकलं जाऊ नये, म्हणून हे दोघं बोलले." आवाज जराही चढला नव्हता. "दोन वर्षं घरं बघतोय. नाव सांगितलं की लोक म्हणतात, कालच गेलं. इतकी सविस्तर माहिती आजवर कुणी दिली नव्हती. आभारी आहे."

आमच्या गावाला टोमण्यांचा मोठा अभिमान आहे. त्या सकाळी सेक्रेटरी मोबाइलची काच शर्टाला पुसत राहिले.

तेवढ्यात फाटकातून तोच एजंट आयटीतल्या एका तरुण जोडप्याला घेऊन आत आला. सेक्रेटरींचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅटही त्याच हंगामात विक्रीला होता. मोबाइल झटकन खिशात गेला आणि सेक्रेटरींच्या आवाजाला साय आली. "या, या! अगदी वेळेवर आलात. लवकर वर चला, खंड्या यायची वेळ झालीय."

"एक मिनिट," आमचे गृहस्थ म्हणाले. "तो व्हिडिओ यांनाही दाखवा ना. छान काढलाय." मग ते त्या ताज्या रंगवलेल्या भिंतीपाशी गेले आणि छातीच्या उंचीवर हात आडवा धरला. "पाणी इथपर्यंत येतं. या दोघांनी आत्ताच सांगितलं मला. फार प्रामाणिक मंडळी आहेत."

"सिरियसली?" ती मुलगी म्हणाली. "म्हणजे गाड्या वगैरे सगळं पाण्यात?"

"अहो, गंमत करतायत ते," चेअरमन हसत म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला, पण तेव्हा मला हसू आलं नाही. कारण त्या मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "काका, खरंय का हे?"

चेअरमन डोळे वटारून बघत होते. हो म्हटलं तर हा हंगाम गेला, माझाही, सगळ्यांचाच. बातमी एजंटबरोबर गावभर होणार. बायको वर वाट बघत होती. मी भिंतीवरच्या त्या हाताकडे बघितलं. तीस वर्षांची सवय जात नाही. हात चुकीच्या जागी होता.

"अजून चार बोटं वर," मी म्हणालो.

त्यांनी हात चार बोटं वर घेतला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेले. जोडपंही गेलं. सेक्रेटरी मला जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

वर आलो. बायको बाल्कनीत गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. "झाला का इसार?" मी तिला पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. चेअरमनचं सांगितलं, व्हिडिओंचं सांगितलं, चार बोटांचं तर जरा रंगवूनच सांगितलं. मला वाटलं ती एक तर घर गेलं म्हणून रडेल, नाहीतर शाबासकी देईल. तिने दोन्हींपैकी काही न करता विचारलं,

"त्यांच्या आईला जिना चढवत नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही त्यांना खंड्या दाखवलात."